धरण भरल्याचा आनंद कोणाचा, आणि पाणी कोणाच्या दारात?

मोरबे धरण ज्या वर्षी 88 मीटरला पोहोचते, त्या वर्षी नवी मुंबईत आनंदीआनंद असतो. जलपूजन होते, नारळ वाहिला जातो, फोटो छापून येतात. आणि बातमीच्या शेवटी एक ओळ असते: धावरी व पाताळगंगा काठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. आमचे भांडण त्या शेवटच्या ओळीशी आहे.

धरण खालापूर तालुक्यात, माथेरानच्या पायथ्याशी. डोंगर आमचा, नदी आमची, बुडालेली जमीन आमची. मालकी नवी मुंबई महापालिकेची. शहराला पाणी मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. पण धरण भरलेले ठेवणे ही शहराची सोय असेल, तर जुलैमध्ये त्यात रिकामी ठेवलेली जागा हे खालच्या वस्तीचे संरक्षण असते. ती जागा आमच्या नावावर कोणी लिहून ठेवली आहे का?

साधा हिशेब पाहा. मोरबेची क्षमता सुमारे 190 दशलक्ष घनमीटर. दहा टक्के जागा रिकामी ठेवली तर 19 दशलक्ष घनमीटर. सेकंदाला 200 घनमीटर आवक आली, तरी एकही दरवाजा न उघडता धरण ते पाणी साधारण 26 तास पोटात घेते. एवढ्या वेळात ओढ्याकाठची म्हातारी माणसे, गुरे, धान्य हलवता येते. धरण काठोकाठ भरलेले असेल तर मात्र जेवढे येईल तेवढे सोडावेच लागते, मग मध्यरात्र असो की पहाट. हवामान खात्याचा रेड अलर्ट आधी येतो. तो आल्यावर दिवसाउजेडी, थोडे थोडे पाणी सोडून जागा करता येते. कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची, हे सांगणारी जलाशय परिचालन सूची असते. कागद इंजिनिअरच्या टेबलावर आणि पाणी आमच्या उंबऱ्यात, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

‘पाणी सोडले आणि पाऊसच पडला नाही तर?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. जुलैत कोकणात हा धोका लहान असतो, कारण पावसाळ्याचे दोन महिने पुढे असतात. सप्टेंबरच्या मध्याला तो मोठा असतो, म्हणून तेव्हा धरण भरू द्यावे. सूची असते ती यासाठीच. शिवाय अंदाज चुकला तर शहराला पाणीकपात सोसावी लागेल. उलट बाजूने चुकला तर कातकरी वाडीचे आणि बौद्धवाड्याचे घर जाईल. ही दोन नुकसाने एका तराजूत घालणारे लोक नदीकाठी राहत नाहीत. नदीकाठची सखल जागा आमच्या वाट्याला का आली, हे या वाचकांना सांगायला नको.

काहींना हे नवे वाटेल, म्हणून आठवण करून देतो. 1943 साली दामोदर नदीच्या पुराने बंगालला झोडपले. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असलेल्या बाबासाहेबांनी दामोदर योजनेला आकार दिला. त्यात वीज होती, सिंचन होते, पण सुरुवात पूरनियंत्रणापासून होती. आपण बाबासाहेबांना महाडच्या तळ्यापाशी आठवतो आणि तिथेच थांबतो. चवदार तळ्यावर प्रश्न पाणी घेण्याचा होता. आज त्याच रायगडात पाणी कधी अंगावर येणार हे आधी कळण्याचा आहे.

धरण सुरक्षा कायदा 2021 चा आहे. आवकेचा अंदाज घेणारी यंत्रणा, खालच्या भागासाठी पूर-इशारा आणि आपत्कालीन कृती आराखडा ही कामे त्याने धरणाच्या मालकावर टाकली आहेत. मालक महापालिका असो वा कंपनी. भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजघरांतून घाटावरचे पाणी आमच्या खोऱ्यांत उतरते, त्याचाही हिशेब याच भाषेत मागायला हवा. आराखड्यात आपली वाडी आहे का, हे स्वतः पाहा. 2023 मध्ये दरड कोसळली ती इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती.

मे महिन्याच्या ग्रामसभेत ठराव घ्या, सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीनच गोष्टी मागा: यंदाची परिचालन सूची मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर, विसर्गाआधी किती तास आणि कोणामार्फत कळवणार, त्याचा लेखी आदेश, आणि मोबाइलला रेंज नसलेल्या वाडीत भोंगा.

जय भीम!