वेड्याला तालीम नको?

घरात कुणाचे मन बिघडले, की आपण त्याला पहिली शिक्षा ठोठावतो ती अंथरुणाची. ‘पडू द्या हो त्याला, विश्रांती हवी आहे!’ हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला डॉक्टर दोन-तीन दिवसांत व्हरांड्यात चालवतात. बाळंतिणीलासुद्धा आता कुणी चाळीस दिवस खाटेवर ठेवीत नाही. मनाच्या रोग्याने मात्र भिंतीकडे तोंड करून पडावे, गोळी घ्यावी, जेवावे आणि पुन्हा पडावे. याला आपण उपचार म्हणतो!

गोळीशी माझे भांडण नाही. ती डॉक्टर सांगतील तोवर घेतलीच पाहिजे. पण यांतल्या कित्येक गोळ्यांनी भूक वाढते, वजन वाढते, रक्तातली साखर चढते. तीव्र मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी जातात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतली बहुतेक जातात ती हृदयविकारासारख्या शरीराच्याच रोगांनी. म्हणजे मन सावरायला घेतलेला माणूस आपण देहाकडून गमावतो.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९९९ साली पन्नाशी ओलांडलेल्या १५६ विषण्ण रोग्यांवर प्रयोग झाला. काहींना गोळी, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनी पाहिले तर तिन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखीच! गोळीचा गुण आधी दिसला, एवढेच. बंगळूरच्या निम्हान्सने तर २००७ साली छिन्नमनस्कतेच्या रोग्यांना औषधे चालू ठेवून चार महिने योगासने आणि कवायत देऊन पाहिली. योगासनांचा गुण अधिक दिसला. आपण मात्र २१ जूनला सतरंज्या अंथरतो आणि २२ जूनला गुंडाळून ठेवतो.

हे सोलापूरकराने सांगावे लागावे, याची गंमत वाटते. पेठापेठांतून तालमी असलेले हे गाव. पोरगा उनाड झाला की ‘घाला त्याला तालमीत’ म्हणणारे आपण, तोच पोरगा मनाने खचला की दार लोटून घेतो. सरकारची जुनी मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. इथल्या रोग्याने अडीचशे किलोमीटरवर येरवडा गाठायचे, आणि शेजाऱ्यांना सांगायचे, पुण्याला मामाकडे गेला आहे!

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याला साखळी बांधायला बंदी केली, सक्तीने डोके भादरायला बंदी केली, विरंगुळा आणि करमणुकीच्या सोयी मागण्याचा हक्क दिला. उत्तम झाले. पण त्या कलमात व्यायाम हा शब्द नाही. मग विरंगुळा म्हणजे भिंतीवरचा दूरदर्शन संच, असा सोयीचा अर्थ लावायला कोण चुकेल?

‘ही माणसे अंगणात सोडली तर सांभाळायची कुणी?’ हा ठरलेला प्रश्न. आपल्या सांगोल्याच्या शेजारी आटपाडीला औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूर वसवले. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी तिथे कुंपणावाचून शेती करू लागले. शांतारामबापूंनी १९५७ साली त्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, तो आपण डोळे पुसत पाहिला. खुन्यावर विश्वास टाकता येतो, आणि ज्याने कुणाचे काही बिघडवले नाही त्या रोग्याला कुलूप!

खर्चाची सबबही नको. एक अंगण, एक शिट्टी आणि धीराचा एक कवायत-मास्तर, एवढ्याने सुरुवात होते. मात्र डॉक्टरांनी केस-पेपरवर गोळीच्या खालीच लिहिले पाहिजे: रोज अर्धा तास चालणे, किंवा बारा सूर्यनमस्कार. लिहिले म्हणजे मोजले जाईल, चुकले तर विचारले जाईल. रोगी नको म्हणाला तर ओढून नेऊ नये. छडीखालची कवायत ही दुसरी साखळीच. छाती आधी तपासून घ्यावी. आणि आमच्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत हे सारे सूर्य वर येण्यापूर्वीच उरकावे. काही औषधांनी अंगाची उष्णता सोसण्याची ताकद कमी होते, तेव्हा पाण्याचा तांब्या हाताशी हवा.