लोहचुंबकाचे चिमटे

आमच्या भंडाऱ्याच्या घरातील फ्रिजचे दार म्हणजे गावची चावडीच झाली होती. विजेची बिले, नातवंडांची वेळापत्रके, लग्नपत्रिका, दुधाचा हिशेब, सारे तेथेच. रबरी चुंबक इतके क्षीण, की दार जरा जोराने लागताच कागद गळून पडत. अशाच एका पडझडीत वहिनींच्या औषधांची चिठ्ठी फ्रिजखाली गेली व दोन दिवस त्यांची रक्तदाबाची गोळी चुकली. तेव्हा धाकट्या सूनबाईंनी निओडिमियमचे चार चिमटे आणविले.

निओडिमियम, लोह व बोरॉन यांच्या मिश्रणाचा हा चुंबक १९८२ सालचा. आकार सुपारीएवढा, पण बळ विलक्षण. आता एक चिमटा बिलांचा, एक शाळेचा, एक औषधांचा. चौथा रिकामा असावा हा माझा आग्रह कोणी पाळीत नाही! काचेच्या दारावर मात्र तो टिकत नाही. सर्वच पोलादही चुंबकास वश नसते. शेकडा १२ भाग मँगनीज घातलेले हॅडफील्डचे पोलाद त्यास मुळीच दाद देत नाही; आणि मँगनीज तर आपल्याच तुमसर तालुक्यात, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे निघते.

वाचकहो, वाटाण्याएवढे सुटे चुंबक मात्र घरात आणू नका. मुलाने दोन गिळल्यास ते आतड्याचे पदर मध्ये धरून एकमेकांस चिकटतात व आतड्यास छिद्र पडते. तसा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालय गाठावे. हृदयास पेसमेकर बसविलेल्यांनी चिमटा छातीजवळ नेऊ नये. आमचे थोरले बंधू त्यांतलेच, आणि हाती येईल ते सदऱ्याच्या खिशात टाकणारे. म्हणून चारही चिमटे त्यांचा हात पोहोचणार नाही इतके उंच लाविले आहेत.