एक प्रवास, एक तिकीट

महिन्याच्या आरंभी घरखर्चाचा अंदाज मांडताना धान्य, दूध, शाळेची फी या बाबी आपण वेगवेगळ्या लिहितो. प्रवासखर्च मात्र बहुधा एकाच आकड्यात उरकतो. तो आकडा उलगडून पाहिला, तर कापलेल्या अंतराखेरीज आणखी एका गोष्टीचे मोल त्यात दडलेले आढळते. ती गोष्ट म्हणजे गाडी बदलणे.

पुण्याचे उदाहरण घेऊ. भोसरीजवळच्या लांडेवाडीत राहणाऱ्या आणि पद्मावतीस नोकरी करणाऱ्या एखाद्या भगिनीस प्रथम बसने नाशिक फाट्याचे मेट्रो स्थानक गाठावे लागते. तेथून मेट्रोने स्वारगेट आणि स्वारगेटहून पुन्हा बस. घर सोडल्यापासून कामावर पोहोचेपर्यंतचा तिचा प्रवास एकच; तिकिटे मात्र तीन.

बसचे भाडे टप्प्यांनी वाढते. १ जून २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार पुण्याच्या बसचा पहिला टप्पा ५ किलोमीटरांचा असून त्यास १० रुपये पडतात. आपल्या भगिनीचे दोन्ही बसप्रवास प्रत्येकी २ किलोमीटरांचे धरू. एकूण अंतर ४ किलोमीटर. एकाच बसने ती एवढी गेली असती, तर १० रुपयांत काम भागले असते. पण मध्ये मेट्रो आल्यामुळे पहिला टप्पा तिला दोनदा विकत घ्यावा लागतो, म्हणजे २० रुपये. जाऊनयेऊन दिवसाला २० रुपये अधिक, आणि कामाच्या २५ दिवसांत ५०० रुपये. शिवाय मेट्रोचे भाडे वेगळेच. त्याच वेळी ठरलेला ७० रुपयांचा दैनिक पासही तिच्या उपयोगाचा नाही, कारण तिचा दिवसाचा बसखर्चच ४० रुपये आहे.

हा भुर्दंड कोणावर पडतो, याचा विचार केला पाहिजे. ज्याच्या दारातून थेट गाडी जाते, त्यास तो जाणवत नाही. जेथे थेट गाडी पोहोचत नाही, अशा कडेच्या वस्तीतील उतारूच दोनदोनदा गाडी बदलतो. तसेच कामावरून परतताना पाळणाघर व बाजार करीत येणाऱ्या गृहिणीचा प्रवास आपोआप तुकड्यांत होतो आणि प्रत्येक तुकड्याचे तिला नव्याने मोल द्यावे लागते.

पुणे परिसराने या दिशेने एक मोठे पाऊल पूर्वीच टाकलेले आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिकांच्या परिवहन सेवा, म्हणजे पीएमटी व पीसीएमटी, २००७ मध्ये एकत्र करण्यात आल्या आणि पुणे महानगर परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. त्यात पुण्याचा वाटा ६० टक्के व पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के ठरला. ही वाटणी ठरली म्हणूनच शहराची हद्द ओलांडणाऱ्या बसचा हिशोब एका वहीत आला. मुंबईकडे मार्ग निराळा राहिला. तेथे बेस्टच्या जोडीला ठाण्याची परिवहन सेवा १९८९ मध्ये आणि नवी मुंबईची १९९६ मध्ये, अशा स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या.

मग जेथे संस्था अनेक आहेत, तेथे त्या सर्वांचे विलीनीकरणच केले पाहिजे काय? तसे नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात १९६५ मध्ये बस, शहरी रेल्वे व नौका चालविणाऱ्या संस्थांनी एक परिवहन संघ स्थापन केला. प्रत्येक संस्था आपापल्या गाड्या चालवीत राहिली. परंतु भाड्याचा तक्ता सर्वांचा एक झाला. जमलेले उत्पन्न एकत्र करून ठरलेल्या रीतीने वाटून घेण्यात येऊ लागले. लंडनमध्ये २०१६ पासून एका बसभाड्यात एक तासाच्या आत दुसरी बस पकडण्याची सवलत मिळाली आणि २०१८ मध्ये त्या तासात कितीही बस बदलण्याची मुभा देण्यात आली.

आपल्याकडे २०१९ मध्ये नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचा आरंभ झाला. हे एकच कार्ड निरनिराळ्या शहरांतील बस व मेट्रोमध्ये चालावे, असा त्यामागील हेतू आहे. सुट्या पैशांची कटकट त्याने मिटते, हे खरेच. तथापि कार्ड एक झाले म्हणजे भाडे एक झाले, असा समज करून घेणे योग्य नव्हे. कार्ड म्हणजे पैशांची पिशवी. एकाच पिशवीतून तीन तिकिटांचे पैसे दिले, तरी तिकिटे तीनच राहतात आणि पहिल्या टप्प्याचे पैसे दोनदा जायचे ते जातातच.

कार्डाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. उतारू कोठे चढला, कोठे गाडी बदलली, कोणत्या संस्थेने त्यास किती अंतर नेले, याची नोंद पूर्वी फार कष्टाने मिळे. प्रवासाच्या दोन्ही टोकांना कार्ड टेकविले, की ती सहज मिळते. उत्पन्नाची न्याय्य वाटणी करण्यास याहून चांगले साधन नाही. गाडी बदलणाऱ्यास पहिला टप्पा माफ केल्याने जी तूट येईल, ती कोणी किती सोसावयाची, हा प्रश्न मात्र यंत्र सोडवीत नाही. तो महापालिका, मेट्रो व राज्य शासन यांनी एकत्र बसून सोडवावयाचा आहे.

येथे नागरिकांचेही कर्तव्य आहे. आपल्या प्रभागाचे प्रतिनिधी भेटीस आले, की नवी गाडी व नवा थांबा आपण हटकून मागतो. त्या मागण्यांच्या जोडीला गाडी बदलणाऱ्यासाठी एकच भाडे असावे, अशीही मागणी करावी. मागणीसोबत आपल्या घरचा महिन्याचा हिशोब लिहून द्यावा. तिकिटे किती काढली आणि त्यांपैकी किती केवळ गाडी बदलल्यामुळे काढावी लागली, हे त्यात स्पष्ट दाखवावे. अशा शंभर घरांचे हिशोब समोर आले, तर तुटीचा अंदाज बांधणे आणि तिची वाटणी ठरविणे सभागृहास पुष्कळ सोपे जाईल.