कळसूबाईचे शिखर समुद्रात उलटे ठेवले तर

गेल्या पावसाळ्यात कॉलेजचा एक मुलगा लंगडत आमच्या ओपीडीत आला. मित्रांबरोबर कोकणात गेला होता. पोटरीवर चाबकाने ओढल्यासारखे लाल वळ. "डॉक्टर, निळ्या फुग्यावर पाय पडला," म्हणाला. मित्रांनी वाळू चोळली, लिंबू पिळले, एकाने लघवीचा उपाय सुचवला. तेवढा एक त्याने ऐकला नाही.

तो फुगा म्हणजे ब्लू बॉटल. दिसायला एक प्राणी, प्रत्यक्षात अनेक जीवांची वसाहत. कोणी तरंगण्याचे काम करतो, कोणी शिकारीचे, कोणी पचनाचे. पावसाळी वारे तिला किनाऱ्यावर लोटतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर अनेकांना तिचा प्रसाद मिळाला होता. दंश झाल्यास चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांच्या आसपास) पाय वीसेक मिनिटे ठेवा. धाप लागली, चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठा.

या जीवाचे आम्हा डॉक्टरांवर एक जुने ऋण आहे. १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाने शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांना आपल्या जहाजावर ब्लू बॉटलच्या जातीच्या जीवाचे विष तपासायला नेले. पुढे पॅरिसमध्ये सी-ॲनिमोनच्या विषावर काम करताना त्यांना दिसले, की पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने मेला. यातून 'ॲनाफायलॅक्सिस' हा शब्द आला आणि १९१३ मध्ये रिशेंना नोबेल. इंजेक्शनच्या ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन आहे ना, हे मी रोज विचारतो, ते याच प्रतिक्रियेच्या भीतीने.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. आपले मोठे पाणी म्हणजे भंडारदरा आणि मुळा. पण मोजपट्टी आपल्याकडे आहे: अकोल्यातले कळसूबाई, १६४६ मीटर. ते समुद्रात उलटे धरा आणि पायथ्याच्या बारी गावाकडून न चढता खाली उतरा. शिखराच्या दोन तृतीयांश अंतरापर्यंतही जाण्याआधी, हजार मीटरला, सूर्यप्रकाश पूर्ण संपतो. दर दहा मीटरला वातावरणाइतका दाब वाढत जातो, तो वेगळाच.

वाटेत अरबी समुद्रातले लँटर्नफिश भेटतात. बोटभर मासे, अंगावर स्वतःचे दिवे. रात्री वर येऊन खातात, दिवसा दोनशे-तीनशे मीटर खाली जाऊन लपतात. तिथे पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. कोविडमध्ये ऑक्सिमीटरवर ९० दिसले तरी आमची धावपळ उडे. हे मासे दिवसाचे कित्येक तास त्याहून बिकट अवस्थेत शांतपणे काढतात. ते कसे, हे मला अतिदक्षता विभागातल्या कोणत्याही डॉक्टरइतकेच जाणून घ्यायचे आहे.

त्याहून खाली, दीड कळसूबाईइतक्या म्हणजे सुमारे २४०० मीटर खोलीवर, हिंदी महासागराच्या तळाशी उकळत्या पाण्याचे झरे आहेत. २००१ मध्ये तिथे एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले आणि त्या खवल्यांवर, शंखावर लोखंडाच्या संयुगाचा थर. लोखंडाचे चिलखत घालणारा दुसरा प्राणी आपल्याला माहीत नाही. २०१९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'धोक्यातील' म्हणून नोंदली गेली. कारण शिकार नव्हे, प्रदूषणही नव्हे, तर तिथल्या धातूंसाठी होऊ घातलेले खोदकाम.

इथे मला थोडे कडक बोलायचे आहे. २०१६ मध्ये भारतानेही हिंदी महासागराच्या तळावरील पर्वतरांगांत दहा हजार चौरस किलोमीटरमध्ये धातूंच्या शोधाचा करार केला आहे. देशाला तांबे-कोबाल्ट हवे, हे मान्य. पण रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरले जाणारे सायटाराबिन हे औषध कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजमधल्या रेणूंवरून सुचले. तो स्पंज कोणी आधी उपटून टाकला असता, तर आपण काय गमावले हेही कळले नसते. पुण्या-मुंबईला पाठवलेली ल्युकेमियाची पोरे बरी होऊन आईचा हात धरून परत आलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे मला कागदावरचे वाटत नाही.

'मत्स्य ६०००' ही आपली पाणबुडी तिघांना सहा हजार मीटर खाली नेण्यासाठी तयार होत आहे. त्या तीन जागांपैकी एक, खाणीच्या प्रत्येक सर्वेक्षणात, जीवशास्त्रज्ञाला राखून ठेवावी. आधी त्याने नमुने आणावेत, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी ते तपासले जावेत, आणि मगच यंत्राची बकेट तळाला टेकावी. रुग्णालयात आम्ही ऑपरेशनआधी रक्त तपासतो. कितीही घाई असली तरी.