पहिली मीटिंग

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ‘एए’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संस्थेची सुरुवात 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी केली. आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत तिच्या सभा संध्याकाळी शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. जवळची सभा शोधायला संस्थेची हेल्पलाइन किंवा व्यसनमुक्ती केंद्र उपयोगी पडते. सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइनही आहे. चौकशी करताना दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात: सभा कोणत्या भाषेत चालते आणि ती खुली आहे की बंद. खुल्या सभेला कुणीही बसू शकतो, बंद सभा फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. तिथे नोंदणी नाही, फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. एकेक जण उठून नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि स्वतःचा अनुभव मांडतो. मध्ये कुणी सल्ला देत नाही. नवख्याने नुसते ऐकले तरी चालते. शेवटी पिशवी फिरते, ऐच्छिक वर्गणीची. घरच्यांची फरफट वेगळी असते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. त्यांच्यासाठी अल्-अनॉनच्या स्वतंत्र सभा आहेत. दारू सोडतानाचा एक धोका मात्र ओळखायलाच हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाने आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि पहिल्या सभेनंतर एखादा गट मनाला पटला नाही, तर दुसऱ्या गटात जाऊन बसावे.