'नुसती कॉपी तर करायचीय!'

'सोलारिसवरचा ओरॅकल डेटाबेस लिनक्सवर न्यायचाय. डेटाबेस तोच, फक्त मशीन नवं. नुसती कॉपी तर करायचीय!' अमेरिकेत आयटीत असलेल्या बहुतेक मराठी मंडळींनी हे वाक्य कधी ना कधी मीटिंगमध्ये ऐकलं असेल. हे वाक्य खोटं आहे, आणि त्यावर 'होऊन जाईल' म्हणत मान डोलावण्याची आपली सवय त्याहून घातक आहे.

खोटं का, ते पाहा. स्पार्क चिपवरचं सोलारिस संख्येतला मोठ्या किमतीचा बाइट आधी लिहितं. इंटेल चिपवरचं लिनक्स छोट्या किमतीचा. त्यामुळे डेटाफाइल जशीच्या तशी उचलून नेली तर तिकडे ती चालत नाही. ओरॅकलने १०जी आवृत्तीपासून टेबलस्पेस रूपांतरित करून नेण्याची सोय दिली, पण त्यासाठी मूळ टेबलस्पेस रीड-ओन्ली करावी लागते. म्हणजे तेवढा वेळ धंदा बंद. बहुतांश डेटा आधीच टप्प्याटप्प्याने नेऊन ही वेळ कमी करता येते, पण पुसून टाकता येत नाही. शिवाय प्रोसिजर, व्ह्यू, युजरांचे अधिकार हे सगळं वेगळं न्यावं लागतं.

आणि डेटाबेसच्या बाहेर जे आहे त्याचं काय? रात्रीचे क्रॉन जॉब, सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेल्या शेल स्क्रिप्ट, बॅकअप. सोलारिसवर बिनबोभाट चालणारी ऑकची ओळ लिनक्सवर चालेलच असं नाही.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच नव्हे, अख्खी बँकिंग यंत्रणा बदलली. काम मोठं होतं, पण धडा हाच. डेटा सुखरूप पोचला, यंत्रणा कोलमडली. शाखा, फोन, ऑनलाइन, सगळीकडे ग्राहक अडकले. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. कॉपी झाली होती हो, कॉपीच झाली होती!

मॅनेजर म्हणतात, तालमींना पैसा लागतो. लागतोच. पण तालीम टाळून तो वाचत नाही. त्याची वसुली लाँग वीकेंडला आपल्याकडून होते. लेबर डेच्या सुमारास इथल्या मंडळांचे गणपती असतात. आरती चालू असताना मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेला कुणीतरी असतोच, आणि त्याच वेळी पुण्यात त्याचा सहकारी रात्र जागवत असतो. याला आपण 'कमिटमेंट' म्हणतो. हा नियोजनाचा अभाव आहे, आणि त्याची किंमत चुकवणारा माणूस नियोजन करणारा नसतो.

व्हिसा आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्याला 'नाही' म्हणणं सोपं नाही, हे मान्य. म्हणूनच ही जबाबदारी आता लीड आणि आर्किटेक्ट झालेल्या आपल्या मंडळींची आहे. दोन गोष्टी लेखी मागा. पहिली, खऱ्या आकाराच्या डेटावर, घड्याळ लावून, किमान दोन पूर्ण तालमी. दुसरी, परत फिरण्याची शेवटची वेळ. नव्या डेटाबेसवर व्यवहार सुरू झाले की ते जुन्याकडे उलटे नेणारी रेप्लिकेशन आधीपासून उभी नसेल, तर परतीचा रस्ता बंद झालाच म्हणून समजा.

या दोन गोष्टी मिळत नसतील तर तारीख देऊ नका. 'होऊन जाईल' हे उत्तर नव्हे; तो दुसऱ्याच्या झोपेवर काढलेला उधारीचा चेक आहे.