सुस्थितीतला लॅपटॉप भंगारात का जावा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबविली. घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली. पण मुदतवाढ म्हणजे उत्तर नव्हे. लोणंदसारख्या बाजारपेठेच्या गावालाही याची झळ पोहोचतेच. कांद्याच्या अडतीचे हिशेब, मुलांचा अभ्यास, संस्थांचा पत्रव्यवहार जुन्याच लॅपटॉपवर चालतो. थोरल्याचा लॅपटॉप धाकटीकडे येणे, ही मध्यमवर्गीय घराची रीत आहे.

‘विंडोज ११’ला मात्र ही रीत मंजूर नाही. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर असल्याशिवाय ती अधिकृतपणे बसत नाही. २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर या यादीबाहेर आहेत. सुरक्षेचा हेतू खोटा नाही. परंतु त्यापायी चालते यंत्र निकामी ठरते. काही हुशार मंडळी ही तपासणी चुकवून नवी प्रणाली जुन्या यंत्रावर बसवितात. ती चालतेही. मात्र अशा यंत्राला पुढील अद्यतने मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. दुसऱ्याच्या घरात मागच्या दाराने शिरून कोणी घरमालक होत नाही!

प्रश्न केवळ लॅपटॉपचा नाही, किल्ली कोणाच्या हाती आहे याचा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातमधील वाडीनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबविल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि पुढे सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय भूमीवरील कंपनीचे ईमेल परदेशातील निर्णयाने बंद पडू शकतात, हा धडा मात्र उरला.

महासंगणकाच्या बाबतीत अमेरिकेने अडवणूक केली, तेव्हा देश रडत बसला नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ साकारला. त्याच सी-डॅकने २००७ मध्ये लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली दिली. ती विनामूल्य आहे आणि मराठीतही वापरता येते. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘माया’ ही प्रणाली स्वीकारण्यास प्रारंभ केला. वैचारिक अंतर कितीही असो, केरळने शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर चालवून दाखविले, हेही मान्य केले पाहिजे.

लिनक्सचा जन्म फिनलंडमधला, मग ती स्वदेशी कशी, असा आक्षेप येईल. स्वदेशी म्हणजे परक्या ज्ञानाला दार बंद करणे नव्हे. ते आत्मसात करून स्वाधीन करणे होय. लिनक्सची संहिता कोणीही वाचू, तपासू, बदलू शकतो. तिथे किल्ली आपल्या हाती राहते.

अडचणी आहेतच. टॅलीसारखी हिशेबाची प्रणाली विंडोजसाठीच घडलेली आहे. जुन्या मराठी फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. म्हणून दुकानाच्या हिशेबाचे यंत्र घाईने बदलू नये. पण अभ्यास, पत्रलेखन आणि आंतरजालासाठी चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप हलक्या लिनक्सवर उत्तम चालतो. आधी माहितीची प्रत काढावी, पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहावी, मगच बसवावी.

किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगराचा वारसा सांगणाऱ्या सातारा-सांगलीला हे जड नाही. संगणक जाणणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील एक जुना लॅपटॉप असा उभा करून एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. स्वदेशीचे व्रत भाषणात नव्हे, अशा कृतीतच फळते.